अदृश्य, पण कोणाच्या डोळ्यांना?

निफाड तालुक्यात अदृश्य कोण, असं गोदाकाठच्या कुणालाही विचारा. उत्तर एकच येईल: बिबट्या. चांदोरी, सायखेडा, करंजगाव, म्हाळसाकोरे या पट्ट्यात गोदावरीच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि त्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, वाढवते. तोडीचा कोयता फडापर्यंत येईतो शेजारच्या वस्तीला तिचा पत्ता नसतो. एवढं मोठं जनावर दहा पावलांवर दबा धरून बसतं आणि माणसाला दिसत नाही. पाचटातून झिरपणाऱ्या ऊन-सावलीत त्याच्या अंगावरची काळी वर्तुळं त्याच्या देहाची कड मोडून टाकतात. आपला डोळा वस्तू ओळखतो तो तिच्या कडेवरून. कड हरवली की जनावरच हरवतं.

रात्री मात्र गोष्ट उलटी होते. रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला गेलेला शेतकरी बॅटरीचा झोत फिरवतो आणि उसाच्या कडेला दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. अंग लपलेलं, डोळे मात्र उघडे पडलेले. बिबट्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश त्या थरावरून मागे फिरतो आणि दुसऱ्यांदा कामी येतो, म्हणून त्याला अंधारात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. पण दुसऱ्या फेरीतही जो शोषला जात नाही, तो प्रकाश डोळ्याच्या भिंगातून, आला त्याच वाटेने बाहेर पडतो आणि थेट बॅटरी धरणाऱ्याकडे परततो. पाहण्याचं साधनच त्याचं बिंग फोडतं.

विज्ञानातली असो की कथा-सिनेमातली, अदृश्यतेचा विषय निघाला की फिरून फिरून याच पेचाशी येतो. न दिसणं एक वेळ साधतं. न दिसता पाहत राहणं फार कठीण आहे.

दिसणं म्हणजे तरी काय? सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश वस्तूवर पडतो, तिच्यावरून उसळतो, आपल्या डोळ्यांत शिरतो, दृष्टिपटलावर शोषला जातो आणि तिथून मेंदूला वर्दी जाते. ही साखळी कुठेही तोडा, वस्तू दिसेनाशी होते. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात अंतर्धान पावण्याची सिद्धी सांगितली आहे, आणि तिथेही कारण असंच दिलं आहे: डोळा आणि प्रकाश यांचा संबंध तुटला की योगी दिसत नाही. सिद्धी खरी मानायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण अदृश्यता घडते ती देह आणि पाहणारा डोळा यांच्या मधल्या वाटेवर, ही त्या सूत्रामागची समज आजच्या प्रकाशशास्त्रालाही मान्य होईल अशी आहे. कौटिल्य जास्त व्यवहारी. अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात अंधारात दिसावं म्हणून निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांपासून करायच्या अंजनांच्या कृती आहेत, आणि कुणाच्या नजरेस न पडता वावरण्याच्याही आहेत. त्या कृतींनी काहीही साधणार नाही, पण हेराची गरज कौटिल्याने नेमकी ओळखली होती. हेराला दोन्ही हवं असतं.

आधुनिक कथेत या प्रश्नाला पहिल्यांदा शास्त्रीय शिस्तीने हात घातला तो एच. जी. वेल्स यांनी. १८९७ साली त्यांची ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कादंबरी आली. तिचा नायक ग्रिफिन मंत्र-तंत्राकडे वळत नाही, तो अपवर्तनांकाची गोष्ट करतो. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो आणि त्याचा काही भाग सीमेवरून परततो. दोन माध्यमांचे अपवर्तनांक जितके वेगळे, तितकं हे वाकणं आणि परतणं जास्त. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५. म्हणून काच हवेत ठळक दिसते, पाण्यात पुसट. दोन्ही अपवर्तनांक अगदी एक झाले, तर मधली सीमाच उरत नाही आणि काच नाहीशी होते.

हे घरी करून पाहता येतं. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी घ्यायची आणि मोठ्या काचेच्या ग्लासात सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल ओतायचं. या काचेचा आणि या तेलांचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच. रिकामी नळी तेलात बुडवली तर ती चांगली चकाकते, कारण तिच्या आत हवा आहे. आता ड्रॉपरने नळीत तेल सोडत जायचं. तेल जसजसं आत चढतं, तसतशी नळी खालून वर पुसत जाते. काठोकाठ भरली की ग्लासात फक्त तेल दिसतं. बोट घातलं तर काच लागते, डोळ्याला मात्र काही सापडत नाही. नळीला एखादा हवेचा बुडबुडा चिकटला असेल, तर तो मात्र अधांतरी लटकल्यासारखा दिसतो आणि काच कुठे आहे ते सांगतो. वेल्स यांना हे बुडबुडे ठाऊक होते. त्यांचा अदृश्य माणूस पावसात, धुक्यात, चिखलात उघडा पडतो. नुकतं खाल्लेलं अन्न पचेपर्यंत त्याच्या पोटात दिसत राहतं. स्वतःवर प्रयोग करण्याआधी ग्रिफिन एका मांजरीवर करतो, तेव्हा सगळी मांजर नाहीशी होते. राहतात ते फक्त तिच्या डोळ्यांमागचे चकाकणारे थर. गोदाकाठच्या उसात चमकतो तोच थर, मार्जारकुळातला.

इतकं जपूनही वेल्स यांच्या हातून मोठी फट राहिली. रशियन लेखक याकोव पेरेलमान यांनी ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ या गाजलेल्या पुस्तकात ती दाखवून दिली. पूर्ण पारदर्शक झालेल्या माणसाचं दृष्टिपटलही पारदर्शक होणार. मग प्रकाश त्यावर थांबणार नाही, शोषला जाणार नाही, आणि भिंगाचा अपवर्तनांक हवेइतकाच झाल्यामुळे प्रतिमाही तयार होणार नाही. म्हणजे अदृश्य माणूस ठार आंधळा. सत्ता गाजवायला निघालेला ग्रिफिन रस्ता ओलांडायलाही कुणाचा तरी हात धरणार! निसर्गाने ही अडचण केव्हाच ओळखली आहे. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात काचमासा मिळतो. तो हातात घेतला तर त्याच्या अंगातून पलीकडचं बोट दिसतं, मणक्याचे काटे मोजता येतात. पण दोन गोष्टी त्याला लपवता आलेल्या नाहीत: आतडी, जी एका चंदेरी पिशवीत झाकलेली असतात, आणि डोळे. डोळे काळेभोरच. ते पारदर्शक केले असते, तर माशाला भक्ष्यही दिसलं नसतं आणि शत्रूही.

वेल्स यांची कल्पना सव्वाशे वर्षांनी एका प्रयोगशाळेत अंशतः खरी ठरली, आणि तीही मिठाईवाल्याच्या रंगाने. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झिहाओ ओउ, ग्वोसाँग हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध झाला. टार्ट्राझिन हा पिवळा खाद्यरंग. मिठाई, शीतपेयं, गोळ्या यांच्या वेष्टनावर तो ‘आयएनएस १०२’ या नावाने सापडतो. त्याचं पाण्यातलं दाट द्रावण जिवंत उंदराच्या कातडीवर चोळलं, तर ती कातडी काही मिनिटांत पारदर्शक होते. डोक्यावरच्या कातडीतून मेंदूवरच्या रक्तवाहिन्या दिसल्या, पोटाच्या कातडीतून आतड्यांची हालचाल दिसली. पाण्याने धुतलं की कातडी पूर्ववत.

रंग चोळल्याने वस्तू पारदर्शक कशी होईल? कातडी अपारदर्शक असते ती काळी-गोरी असल्यामुळे नव्हे. तिच्यात पाणी आणि स्निग्ध-प्रथिनयुक्त कण एकमेकांत मिसळलेले असतात, दोघांचे अपवर्तनांक वेगळे असतात आणि त्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो. टार्ट्राझिन निळा प्रकाश जोरात शोषतं. एखादा पदार्थ एका रंगाचा प्रकाश असा शोषू लागला, की त्याच्या लालकडच्या प्रकाशासाठी त्याचा अपवर्तनांक वाढतो. हा प्रकाशशास्त्राचा पक्का नियम आहे. त्यामुळे कातडीतल्या पाण्याचा अपवर्तनांक वाढून स्निग्ध कणांच्या जवळ जातो, सीमा पुसट होतात आणि तांबडा-नारिंगी प्रकाश सरळ आरपार जातो. तेलातल्या परीक्षानळीचंच हे तत्त्व. अर्थात निळ्या प्रकाशात हीच कातडी पूर्वीपेक्षाही अपारदर्शक असते. माणसाची कातडी उंदराच्या कितीतरी पट जाड असल्यामुळे तिथे हे अजून साधलेलं नाही, आणि कुणी घरी अंगाला रंग चोळून पाहू नये. पण सुई न टोचता शीर शोधणं, कातडीखालची गाठ पाहणं यासाठी हा शोध एक दिवस कामी येऊ शकतो. अदृश्यतेचं हे रूप मला सगळ्यांत आवडतं, कारण यात लपायचं कुणालाच नाही. आतला आजार दिसावा म्हणून वरची कातडी दूर व्हायची आहे.

कथेतली अदृश्यता पडद्यावर आली ती मात्र वेगळ्या युक्तीने, आणि आपल्याकडे ती युक्ती नाशिक जिल्ह्याच्या माणसाने आणली. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाआधी ते छायाचित्रण आणि छपाईत होते, आणि जादूचे प्रयोगही करत. आडनावाची अक्षरं उलटी करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतलं होतं. १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि पुढे त्यांनी नाशकात बस्तान बसवलं. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ त्यानंतरचे. या चित्रपटांत देव प्रकट होतात, अंतर्धान पावतात, आणि त्या काळच्या प्रेक्षकांनी पडद्यापुढे हात जोडले.

अंतर्धानाची रीत साधी होती, पण ती पार पाडणं सोपं नव्हतं. कॅमेरा हाताने फिरवायचा. देव उभा राहिला की कॅमेरा थांबवायचा. बाकीच्यांनी आहे तिथे, आहे तसं गोठून राहायचं. हात उचललेला असेल तर उचललेलाच. देवाने चौकटीबाहेर जायचं आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. चित्रण उन्हात चालायचं. तेवढ्यात एखादा ढग सूर्यावरून गेला तर उजेड बदलणार आणि चोरी पकडली जाणार. पडद्यावर हे दोन क्षण सलग दिसतात, म्हणून देव डोळ्यांदेखत नाहीसा होतो. यात फाळक्यांनी देहाला हात लावलेला नाही की प्रकाशालाही नाही. त्यांनी पाहणाऱ्याचा डोळा तेवढा नेमक्या क्षणी मिटून घेतला.

पुढे हिंदी सिनेमात अदृश्य माणसांची एक परंपराच झाली. १९६४चा किशोरकुमारचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ आहे. १९८७ साली आलेल्या शेखर कपूरच्या ‘मिस्टर इंडिया’ने तर एक पिढी वेडी केली. मुंबईतच, संगणकाच्या मदतीशिवाय, पीटर परेरांसारख्या तंत्रज्ञांनी हवेत चालणाऱ्या वस्तूंची दृश्यं उभी केली. या चित्रपटातली एक गोष्ट मला शास्त्राच्या फार जवळची वाटते. मनगटावरचं यंत्र लावलेला मिस्टर इंडिया लाल प्रकाशात दिसतो. कथेला अडचण हवी म्हणून लेखकांनी ती घातली असेल, पण आजवर माणसाने घडवलेली प्रत्येक अदृश्यता अशीच आहे. एका रंगात टिकते, दुसऱ्यात फुटते.

याचा पुरावा शोधायला निफाड तालुक्याबाहेर जावं लागत नाही. ओझरला १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिग विमानांचा कारखाना उभारला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते, आणि आदल्याच वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. आजही तालुक्यात ‘मिगमध्ये कामाला आहे’ असंच म्हणतात. मिग-२१ झालं, मिग-२७ झालं, २००४ पासून सुखोई-३० आलं. द्राक्षबागेत डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, करणाऱ्या बायका मान वर करून पाहतात ते हे सुखोई जवळजवळ २२ मीटर लांब, १४.७ मीटर पंखांचं. नजरेला ते आभाळात एवढंसं होत जातं. रडारला मात्र ते फार लांबून आणि फार ठळक दिसतं.

रडार म्हणजे आपला दिवा आपणच घेऊन हिंडणारा डोळा. तो रेडिओ लहरींचा झोत टाकतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. या डोळ्यापासून लपायचं तर लहर विमानावर आपटली तरी चालेल, ती पाठवणाऱ्याकडे परत जाता कामा नये. लहर नेमकी परत पाठवण्यात तरबेज आकार कोणता? काटकोन. निफाड आणि रानवडच्या साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे लावलेला लाल रिफ्लेक्टर आठवा. त्यात एकमेकांना काटकोनात असलेल्या बारीक पृष्ठभागांचे असंख्य कोपरे असतात, म्हणून मागून येणाऱ्या गाडीचा उजेड कुठूनही पडला तरी त्याच गाडीकडे परततो. सुखोईचे उभे शेपटीचे पंख आणि आडवे पंख, पोटाखाली टांगलेली क्षेपणास्त्रं, हवा आत घेणाऱ्या तोंडातून दिसणारी इंजिनाची पाती, हे सगळे रडारसाठी असे कोपरे आहेत.

हे कोपरे काढून टाकायचं गणित मॉस्कोत लिहिलं गेलं. प्योत्र उफिम्त्सेव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने १९६२ साली, लहर वस्तूच्या धारेवर आदळून कशी वळते याची रीत मांडली. सोव्हिएत लष्कराला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही आणि पुस्तक उघडपणे छापलं गेलं. अमेरिकेच्या वायुदलाने त्याचं भाषांतर करून घेतलं, आणि लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाने ते बारकाईने वाचलं. त्यातून १ डिसेंबर १९७७ ला ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान उडालं आणि १८ जून १९८१ ला एफ-११७. सपाट तिरप्या पत्र्यांनी बनलेलं हे विमान लहर आकाशात, जमिनीकडे, बाजूला, कुठेही फेकून देई, पाठवणाऱ्याकडे सोडून. उरलेली लहर शोषायला वर खास लेप होता, अस्त्रं पोटात झाकलेली होती.

यातली आकडेमोड समजून घेण्यासारखी आहे. रडारवर उमटणारा विमानाचा ‘आकार’ १६ पट कमी केला, तर रडारची नजर फक्त निम्म्यावर येते. ती एक दशांशावर आणायला आकार दहा हजार पट घटवावा लागतो. इतका घाम गाळून हाती येतं ते एवढंच, की जे विमान ३०० किलोमीटरवर दिसलं असतं ते ३० किलोमीटरवर दिसेल. ते नाहीसं होत नाही, उशिरा दिसतं. युद्धात तेवढा उशीर पुरतो.

आणि त्याची किंमत? एफ-११७वर रडारच नव्हतं. रडार लावलं असतं तर त्याच्या लहरीच शत्रूला त्याचा ठावठिकाणा सांगत्या. ग्रिफिनला जे भोगावं लागलं असतं, ते या विमानाने आपणहून पत्करलं होतं. नंतरच्या विमानांवर रडार आलं, पण आपली लहर अनेक वारंवारतांवर विखरून, जपून वापरायची शिस्तही आली. पाण्याखालीही हेच. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातल्या पाणबुड्या समुद्रात जवळजवळ नुसत्या कान देऊन असतात. सोनारचा, म्हणजे आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राचा, एक ठोका सोडला तर समोरचं जहाज स्पष्ट कळेल, पण त्या जहाजालाही पाणबुडी कळेल.

२७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियावर एफ-११७ पाडलं गेलं. पाडणारं क्षेपणास्त्र जुनं सोव्हिएत एस-१२५, आपल्या वायुदलात ‘पेचोरा’ नावाने अनेक वर्षं तैनात असलेलं तेच. झोल्टान दानी यांच्या तुकडीने लांब तरंगलांबीचं जुनाट रडार वापरलं होतं. छोट्या लहरींसाठी कोरलेला आकार मीटरभर लांबीच्या लहरीपुढे तितका चालत नाही. नव्या रंगाच्या दिव्यात मिस्टर इंडिया दिसला.

आणखी एका वाटेने ही गुपितं फुटतात. रामायणातला इंद्रजित अदृश्य राहून बाण सोडतो, राम-लक्ष्मणही हतबल होतात. त्याचं बळ निकुंभिलेतल्या अनुष्ठानात आहे हे सांगतो तो बिभीषण, घरचाच माणूस. मुंबईत जन्मलेले नोशिर गोवाडिया अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत बी-२ या बॉम्बफेकी विमानाच्या निष्कासावर काम करत होते. इंजिनाचा धूर थंड आणि झाकलेला ठेवणं हा अदृश्यतेचा अर्धा भाग. अशाच निष्कासाचं ज्ञान चीनला विकल्याबद्दल २०१० मध्ये ते दोषी ठरले आणि जानेवारी २०११ मध्ये त्यांना ३२ वर्षांची शिक्षा झाली. बिभीषणाने धर्मासाठी भेद सांगितला, इथे पैशासाठी. म्हणून दोघांना एका पंगतीत बसवत नाही.

उष्णतेचा मुद्दा निफाडकरांना सहज पटेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि राज्यभर बातमी होते. अशा पहाटे गार उसात ऊबदार अंगाचं जनावर थर्मल कॅमेऱ्याला लख्ख दिसतं, कारण प्रत्येक ऊबदार देह अवरक्त किरण सोडत असतो. त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. वनविभाग बिबट्याच्या शोधासाठी असे कॅमेरे लावलेले ड्रोन वापरतो ते याच जोरावर. वर्तुळांची नक्षी आपल्या डोळ्यासाठी आणि हरणाच्या डोळ्यासाठी घडली. थर्मल कॅमेऱ्याचा डोळा तिच्या हिशेबात नव्हता.

मग प्रकाशाला वस्तूच्या भोवतीने वळवून पलीकडे जसाच्या तसा सोडणारा, जादूच्या झग्यासारखा पडदा? तोही झाला आहे, मर्यादित अर्थाने. इंग्लंडचे जॉन पेंड्री यांनी मे २००६ मध्ये सिद्धान्त मांडला आणि ऑक्टोबरमध्ये ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ, डेव्हिड शुरिग यांनी तो करून दाखवला. फायबरग्लासच्या पट्ट्यांवर तांब्याच्या बारीक खाचदार चौकटी छापून त्यांची एकात एक कडी केली आणि मध्ये तांब्याचा दंडगोल ठेवला. सूक्ष्मलहरी त्या कड्यांतून वळून दंडगोलाला वळसा घालून पलीकडे निघाल्या. अशा घडवलेल्या पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. त्यांचा गुण ते कशाचे बनले यापेक्षा त्यांच्या बारीक रचनेतून येतो. या विचाराची एक पहिली चुणूक भारतीय आहे: जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून सूक्ष्मलहरी सोडून त्यांच्या कंपनाची दिशा फिरवली होती.

ड्यूकच्या पडद्याची मर्यादा त्याच्या यशातच आहे. तो एका ठरावीक वारंवारतेला चालला. रचना लहरीपेक्षा बरीच लहान हवी. सूक्ष्मलहरी काही सेंटिमीटरच्या, म्हणून मिलिमीटरच्या चौकटी पुरल्या. दृश्य प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटर, तिथे चौकटी काही डझन नॅनोमीटरच्या लागतील आणि माणूस झाकायला त्या अगणित लागतील. शिवाय वळसा घालणारी लहर सरळ जाणारीच्या बरोबरीने पलीकडे पोचायची, तर तिला लांबचा रस्ता तेवढ्याच वेळात तोडावा लागतो. हे एखाद्या अरुंद पट्ट्यात जमवता येतं, पांढऱ्या उजेडातल्या सगळ्या रंगांना एकदम नाही. आणि ते जमलं असं समजा, तरी पडद्याच्या आत प्रकाश शिरतच नाही. आत बसलेल्याला मिट्ट काळोख.

म्हणून बातम्यांतल्या मोठ्या शब्दांकडे थोडं सावधपणे पाहावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआयटी कानपूरने ‘अनालक्ष्य’ हे मेटामटेरियलचं कापडी आवरण जाहीर केलं. ते रडारच्या लहरी शोषतं. हे मोलाचं आणि कष्टाचं काम आहे, पण त्याला ‘गायब करणारा झगा’ म्हणणं त्या शास्त्रज्ञांवर अन्याय आहे. डोळ्याला ते आवरण नीट दिसतं. माझगाव डॉकने बांधलेली शिवालिक ही २०१० मध्ये नौदलात आलेली पहिली भारतीय बनावटीची स्टेल्थ युद्धनौका, किंवा १५ जानेवारी २०२५ ला दाखल झालेली निलगिरी, हजारो टनांची जहाजं आहेत. त्यांच्या भिंती तिरप्या करून, धूर थंड करून त्यांना रडारवर लहानखुरं केलेलं आहे, नाहीसं केलेलं नाही.

ओझरच्या कारखान्यातून अजून स्टेल्थ विमान निघालेलं नाही. रशियाबरोबर पाचव्या पिढीच्या विमानाचा प्राथमिक आराखड्याचा करार २०१० मध्ये झाला होता. २०१८ मध्ये भारत त्यातून बाहेर पडला. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे तेजस मार्क-१एची नवी जोडणी-रांग सुरू झाली आणि इथे जोडलेलं पहिलं तेजस उडालं. तेजस लहान आहे, त्यात संमिश्र पदार्थ भरपूर आहेत, म्हणून ते रडारवर सुखोईपेक्षा कमी उमटतं, इतकंच. अंगभूत स्टेल्थ असलेल्या अ‍ॅम्का या स्वदेशी विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे.

तालुक्यातल्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्क्या दर वर्षी असतात. यंदा एक टेबल परीक्षानळी आणि तेलासाठी राखून ठेवा. मुलांना स्वतः ड्रॉपर धरू द्या आणि नळी दिसेनाशी झाली की कारण आधी त्यांना विचारा. खर्च एक लिटर तेलाचा.